कॅनडात पतीला स्पॉन्सर करताना भरलेले सरकारी शुल्क: माझा अनुभव

मी कॅनडाची कायमस्वरूपी रहिवासी असून ओंटारिओत नोकरी करते. लग्नानंतर माझे पती सांगलीतच होते आणि त्यांना येथे आणण्यासाठी मी २०२५ च्या सुरुवातीस स्पॉन्सरशिपचा, म्हणजे जोडीदाराची जबाबदारी घेऊन त्याला कायमस्वरूपी वास्तव्यासाठी बोलावण्याचा, अर्ज केला. या अर्जाविषयी चर्चा होते ती लग्नाचे फोटो, एकत्र राहिल्याचे पुरावे, फोनवरील संभाषणांच्या नोंदी यांची, आणि ती व्हायलाही हवी. शुल्काचा विषय मात्र कार्डाने पैसे भरले की संपला असे मानले जाते. माझे मत वेगळे आहे. आपण भरतो ती रक्कम वेगवेगळ्या शुल्कांची बेरीज असते, प्रत्येकाच्या परताव्याचा नियम निराळा असतो, आणि योग्य रकमेची पावती जोडलेली नसेल तर अर्ज अपूर्ण ठरून तपासणीपूर्वीच परत येतो. त्यामुळे फॉर्म भरायला घेण्याआधी मी शुल्काचा तक्ता नीट वाचला.

मी भरलेले दर ३० एप्रिल २०२४ पासून लागू झालेले होते. स्पॉन्सर करणाऱ्या व्यक्तीच्या अर्जाचे ८५ डॉलर, जोडीदाराच्या अर्जावरील प्रक्रियेचे ५४५ डॉलर आणि कायमस्वरूपी वास्तव्याच्या हक्काचे ५७५ डॉलर असे मिळून १,२०५ कॅनेडियन डॉलर झाले. बोटांचे ठसे आणि छायाचित्र, म्हणजे बायोमेट्रिक्स, यांचे ८५ डॉलर वेगळे. आमचा एकूण आकडा १,२९० डॉलरवर गेला. त्या वेळच्या दराने भारतीय चलनात ही रक्कम पाऊण लाखाच्या थोडी पुढे जात होती. सोबत अवलंबित मूल असेल तर त्या वेळी प्रत्येकी १७५ डॉलर वाढत, मात्र मुलांना वास्तव्यहक्काचे शुल्क लागत नाही. क्युबेकमध्ये राहणाऱ्यांना त्या प्रांताच्या सरकारकडेही स्वतंत्र शुल्क भरावे लागते. हे दर महागाईनुसार दर दोन वर्षांनी बदलतात, म्हणून ओळखीच्या कोणी मागे किती भरले हे विचारून रक्कम ठरवू नये. ज्या दिवशी भरायचे त्या दिवशीचा सरकारी तक्ताच पाहावा.

खरा विचार करावा लागला तो वास्तव्यहक्काच्या ५७५ डॉलरबाबत. हे शुल्क अर्जासोबत भरता येते किंवा मंजुरी जवळ आल्यावर, कार्यालयाने मागितल्यावरही भरता येते. शुल्काच्या पानावर मला दोन्ही पर्याय शेजारी शेजारी दिसले: एक १,२०५ डॉलरचा आणि दुसरा ६३० डॉलरचा. हातात पैसे कमी असतील तर दुसरा पर्याय गैर नाही. मी पहिला निवडला, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी तोच निवडावा असे मी आग्रहाने सांगते. यातील एक कारण वेळेचे आहे. नंतर भरायचे ठरवले तर अर्ज पूर्ण तपासून झाल्यावर पैशांची मागणी येते, आपण भरतो, पावती पाठवतो आणि मगच फाइल पुढे सरकते. पती-पत्नी दोन खंडांवर असताना ही वाढीव प्रतीक्षा फार जड जाते. त्यातच या काळात दर वाढला तर भरण्याच्या दिवशीचा नवा दर द्यावा लागतो. शिवाय अर्ज नामंजूर झाला किंवा आपण तो मागे घेतला तर हे शुल्क परत मिळते, त्यामुळे आधी भरण्यात ते गमावण्याची भीती नाही. प्रक्रियेचे शुल्क मात्र काम सुरू झाल्यानंतर परत मिळत नाही.

या शुल्काचा इतिहास मला मराठी मंडळात भेटणाऱ्या एका काकांमुळे कळला. ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस येथे आले, तेव्हा हे शुल्क ९७५ डॉलर होते. १९९५ च्या अर्थसंकल्पात ते प्रथम लागू झाले, २००६ मध्ये निम्म्यावर आणून ४९० करण्यात आले, आणि पुढे ५००, ५१५ असे होत २०२४ मध्ये ५७५ वर पोहोचले. नव्याने आलेल्या कुटुंबासाठी त्या काळी ९७५ डॉलर म्हणजे काय होते, हे काका आणि काकूंकडून ऐकल्यावर शुल्क निम्मे करण्याचा तो निर्णय किती गरजेचा होता हे पटले.

दरम्यान सांगलीत माझ्या सासऱ्यांना एका एजंटने ‘सरकारी फी’ म्हणून प्रत्यक्ष शुल्काच्या कितीतरी पट रक्कम सांगितली होती. मी त्यांना फोनवर म्हटले, “बाबा, कागदावर प्रत्येक शुल्काचे नाव आणि रक्कम वेगवेगळी लिहून मागा.” तसे लिहून मिळाले नाही, आणि विषय तेथेच थांबला. सल्लागाराची मदत घेण्यात काही वावगे नाही. परवानाधारक सल्लागार आपले मानधन आणि सरकारी शुल्क वेगळे दाखवतो, आणि तसे दाखवण्यास जो कचरतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. सरकारी शुल्क तर स्वतःच भरणे उत्तम, कारण पावती थेट आपल्याच ईमेलवर येते.

पैसे भरणे तसे सरळ होते. कॅनडाच्या स्थलांतर विभागाच्या संकेतस्थळावर ईमेल आणि पासवर्ड देऊन खाते उघडले, कौटुंबिक स्पॉन्सरशिपचा विभाग निवडला, जोडीदाराचा पर्याय घेतला आणि बायोमेट्रिक्सचे शुल्क आठवणीने वेगळे जोडले. ते आपोआप बेरजेत येत नाही. शुल्क कॅनेडियन डॉलरमध्येच स्वीकारले जाते. पतींनी त्यांच्या कार्डाने भरण्याची तयारी दाखवली होती, पण भारतीय कार्डावर परकीय चलनाचा अधिभार लागतो. म्हणून मी येथील कार्डाने भरले आणि तत्पूर्वी कार्डाची मर्यादा पुरेशी आहे ना, हे बँकेकडून जाणून घेतले. पावती पीडीएफ स्वरूपात आली. ती लगेच उतरवून घेतली, नावे आणि रक्कम पडताळली आणि पोर्टलवर शुल्काच्या पावतीसाठी असलेल्या रकान्यात जोडली. पैसे भरताना पान मध्येच अडकले तर पुन्हा भरण्याची घाई न करता आधी कार्डाचे विवरण पाहावे, कारण दोनदा भरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी वेगळा अर्ज करत बसावे लागते.

शुल्काशी जोडलेला आणखी एक प्रश्न स्पॉन्सरने भरायच्या आयएमएम १३४४ या फॉर्ममध्ये येतो आणि घाईत तो नजरेआड होऊ शकतो. आपण स्पॉन्सर होण्यास अपात्र ठरलो तर अर्ज मागे घ्यायचा की पुढे चालू ठेवायचा, असे तेथे विचारले जाते. मागे घेण्याचा पर्याय निवडला असेल तर स्पॉन्सरच्या अर्जाचे शुल्क वगळून बाकी रक्कम परत मिळते. पुढे चालू ठेवला तर प्रक्रियेचे शुल्क जाते, पण नकारावर अपील करण्याचा मार्ग सहसा खुला राहतो. आपली पात्रता निर्विवाद असली तरी हा प्रश्न समजून, दोघांनी बोलूनच उत्तर द्यावे.

सरकारी तक्त्यात नसलेले खर्चही धरून ठेवावेत. पतींच्या पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्रासाठी पासपोर्ट सेवेत ५०० रुपये भरले. विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असल्यामुळे त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागले. वैद्यकीय तपासणी स्थलांतर विभागाच्या यादीतील डॉक्टरांकडेच करावी लागते आणि तिचे पैसे थेट त्यांना द्यायचे असतात. बायोमेट्रिक्सचे पत्र आल्यावर पती पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रात गेले. पत्राच्या तारखेपासून ३० दिवसांची मुदत असते. शुल्क आधीच भरलेले असल्याने ठशांसाठी तेथे पुन्हा पैसे द्यावे लागले नाहीत.

मंजुरीच्या टप्प्यावर आमच्याकडे कोणत्याही शुल्काची मागणी आली नाही, थेट पासपोर्ट पाठवण्याचे पत्र आले. कॅनडात उतरतानाही काही भरावे लागले नाही. त्यांचे पहिले पीआर कार्ड, म्हणजे कायमस्वरूपी रहिवाशाचे ओळखपत्र, विनाशुल्क टपालाने घरी आले. त्याच्या नूतनीकरणासाठी मात्र ५० डॉलर लागतात.