शिसवीची मूठ आणि जुलैचा पाऊस

जुलैत मूठ बसवू नये, हे मला दिवाळीत कळलं. पण सुरुवातीपासून सांगतो.

सुरीचं नुसतं पातं मागवलं होतं, मूठ नसलेलं. आठ इंची, थरांच्या पोलादाचं. वेगवेगळ्या जातीच्या पोलादाचे थर तापवून, ठोकून एकजीव करतात आणि शेवटी पातं अ‍ॅसिडात बुडवतात. निकेल असलेला थर चकाकत राहतो, दुसरा काळवंडतो आणि पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उठते. जुन्या तलवारींवरच्या जौहराची, म्हणजे पोलादातल्या लहरींची, जात वेगळी. ती नक्षी मुशीत केलेल्या पोलादाच्या अंगचीच असायची, थर जोडून आणलेली नसायची. आमच्या कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयात मी आजवर तलवारींची पातीच बघत आलो होतो. आता गेलो की आधी मुठी बघतो. त्या काळी पात्याचं शेपूट मुठीत लाख-राळ ओतून पक्कं करायचे. माझ्या हातात अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूब होत्या, एवढाच फरक.

काम ऐकायला सोपं आहे. पात्याच्या मागच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या पट्ट्या चिकटवायच्या, आरपार पितळी पिना घालायच्या, मग घासून आकार द्यायचा. टिंबर मार्केटातून शिसवीचा तुकडा आणला, दहा-दहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या कापून घेतल्या. पितळेची 5 मिलिमीटरची सळई उद्यमनगरात मिळाली.

पहिली जोडी वाया गेली. दोन्ही पट्ट्यांवर पेन्सिलीनं खुणा केल्या आणि वेगवेगळी भोकं पाडली. एका बाजूनं पिन सरळ जायची, दुसऱ्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरनं अडायची. हातोडीनं हळूच ठोकली, तर भोकापासून टोकापर्यंत लाकूड उभं फाटलं. आवाजसुद्धा झाला नाही, नुसती केसाएवढी रेघ दिसली.

आमच्या गल्लीत एक काका राहतात. उद्यमनगरातल्या फौंड्रीत त्यांनी आयुष्यभर ओतकामाचे लाकडी पॅटर्न केले. फुटलेली पट्टी त्यांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, रेघेवरनं अंगठा फिरवला.

"पोलादातली भोकं हायत की आयती. मग लाकडावर खुणा कशाला करतोस?"

मग त्यांनी करून दाखवलं. एक पट्टी पात्याला सी क्लॅम्पनं आवळायची आणि पोलादातल्या भोकातूनच ड्रिलचं बिट खाली लाकडात उतरवायचं. त्या भोकांत पिना घालून ठेवायच्या, म्हणजे पट्टी हलत नाही. मग उलट करून दुसरी पट्टी तशीच. ड्रिल मशीन सरळ उभं धरायचं आणि लाकडाखाली टाकाऊ फळी ठेवायची, नाहीतर बिट बाहेर पडताना ढलपा उडतो. पिन पॉलिश पेपरवर फिरवून इतकी बारीक करायची की अंगठ्यानं दाबली की आत गेली पाहिजे. दुसरी जोडी अशी केली. पिना आत गेल्या तेव्हा मी त्या चार वेळा काढून घातल्या, नुसता आनंद म्हणून.

मला चिकटवायची घाई झाली होती. काका म्हणाले, "गड्या, आधी कोरडं बसवून धा वेळा बघ. चिकटवल्यावर काय बघणार हायस?" बघितलं, तर पट्टीची पुढची कड, पात्याच्या बाजूची, करवतीनं कापलेली तशीच खडबडीत होती. ती चिकटवल्यावर घासायला गेलं की नक्षीवर ओरखडे येणारच. म्हणून दोन्ही कडा एकत्र धरून गोलसर केल्या आणि 600 नंबरच्या पेपरापर्यंत आधीच गुळगुळीत केल्या. या कामात काही गोष्टींना चिकटवण्याआधीच वेळ असते, त्यातली ही सगळ्यात महत्त्वाची.

बाकी चिकटवणं अर्ध्या तासाचं. पात्याच्या मागच्या पट्टीचं पोलाद आणि लाकडाची आतली बाजू 80 नंबरनं खरवडून घेतली, पोलाद थिनरनं पुसलं, दोन्ही ट्यूबमधलं सारखं घेऊन कालवलं. क्लॅम्प जीव खाऊन आवळायचा नाही, सगळा गोंद बाहेर येतो आणि आत काही उरत नाही. पुढे आलेला गोंद ओला असतानाच थिनरच्या बोळ्यानं पुसायचा. मग पुरते चोवीस तास हात लावायचा नाही. बाहेर पावसाची झड लागलेली, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकत होती, घरातले कपडे वाळत नव्हते. लाकडाचं काय होत असेल, हा विचार तेव्हा मनात आला नाही.

आकार आईच्या हाताचा द्यायचा होता. ती जन्मभर विळीवर चिरत आलेली, सुरी धरायची तिला सवय नाही. तिला लाटण्याच्या टोकाला कणकेचा गोळा लावून दिला आणि म्हटलं, "आई, कांदा चिरतेस तसं धर." कणकेवर चार बोटांचे खड्डे उमटले. करंगळीचा माझ्या अंदाजापेक्षा खूप पुढे होता. मूठ माझ्या हातापेक्षा बोटभर आखूड आणि पोटाशी बारीक करावी लागली. कानस, मग 120, 220, 400, सगळं हातानं. एक मित्र बेल्टवर घासून देतो म्हणाला होता. काकांनी नको म्हटलं, पोलाद तापलं की आतला गोंद मऊ पडतो. शिसवीची भुकटी नाकात झोंबते, मास्क लावूनच बसायचो.

इथेच एक चूक झाली. घासताना पात्यावर लावलेली चिकटपट्टी टाचेपाशी, म्हणजे मुठीलगत, फाटली होती, ती मी वेळीच बदलली नाही. पेपर घसरला आणि नखाएवढ्या जागेतली नक्षी पुसट झाली. थर आत आहेतच, पुन्हा अ‍ॅसिड लावलं तर उठतील. पण तो डाग अजून डोळ्यांत खुपतो.

शेवटी जवसाचं तेल चोळलं. धुरकट तपकिरी लाकूड एकदम गडद झालं, काळ्या रेषा वर आल्या, मध्ये पितळेचे दोन ठिपके. आईनं पहिल्या दिवशी तांबड्या रश्श्याचा कांदा त्याच सुरीनं चिरला.

दिवाळीत ती म्हणाली, "हितं काहीतरी बोटाला लागतंय." मी बोट फिरवलं. पोलादाची कड दोन्ही बाजूंनी लाकडाच्या वर आली होती, कागदाच्या जाडीएवढी. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगलेलं असताना मी ते पोलादाशी सपाट केलं होतं. थंडीची कोरडी हवा सुटली, लाकूड आडवं आकसलं, पोलाद होतं तिथेच राहिलं. गोंद कुठेही सुटला नव्हता. 400 आणि 600 नं पोलाद-लाकूड एकत्र घासून पुन्हा तेल दिलं. आता लागत नाही.

काकूंना तशीच एक सुरी हवी आहे. त्यासाठीच्या शिसवीच्या दोन पट्ट्या दिवाळीपासून कपाटावर पडून आहेत, पेन्सिलीनं तारीख घातलेल्या. काका येता-जाता त्या उचलून हातात तोलतात आणि म्हणतात, "अजून नको."