घरबसल्या आयपीसी सर्टिफिकेशन केलं, त्याचा माझा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं पीसीबी असेंब्लीचं (इलेक्ट्रॉनिक बोर्डवर पार्ट सोल्डर करून बसवायचं) काम चालतं आणि मी क्वालिटीला आहे. एका कस्टमरने ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये टाकलं की फायनल इन्स्पेक्शनला आयपीसी-ए-६१० सर्टिफाइड माणूस पाहिजेच, आणि मॅनेजर साहेबांनी सरळ माझं नाव पुढे केलं. सेंटरला जाऊन राहायचं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं कारण घरी मुलगी दहावीला, पण रिमोट बॅच आहे, परीक्षाही घरूनच देता येते म्हटल्यावर म्हटलं चला.

ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते. आयपीसी ही अमेरिकेतली इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्यांची संस्था, १९५७ पासूनची. २०२५ मध्ये तिने नाव बदलून ग्लोबल इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन केलं पण पुस्तकांवर अजून आयपीसीच छापतात आणि शॉपफ्लोअरवर तर ते लांबलचक नाव कोणी घेणार नाही. ए-६१० म्हणजे तयार बोर्ड डोळ्याने बघून पास की रिजेक्ट ते ठरवायचं पुस्तक, पानोपानी फोटो. आमच्यासारख्यांचं सर्टिफिकेट सीआयएस लेव्हलचं, म्हणजे सर्टिफाइड आयपीसी स्पेशालिस्ट, दोन वर्षं चालतं, मग परीक्षा परत द्यायची. पहिलं मॉड्यूल सक्तीचं, बाकीची आपापल्या कामाप्रमाणे. मी थ्रू-होल (पार्टचे पाय बोर्डच्या भोकातून घालून सोल्डर करतात ते), एसएमटी (पार्ट सरळ बोर्डवरच चिकटवतात ते) आणि डॅमेजचं घेतलं.

ऑनलाइन क्लासमध्ये एक अडचण लगेच लक्षात आली, ती म्हणजे व्हिडिओवर सोल्डर जॉइंट धड दिसतच नाही. सर फोटो दाखवून विचारणार वेटिंग (सोल्डर नीट पसरून धरलंय का ते) कसं आहे सांगा, आणि स्क्रीनवर सगळेच जॉइंट एकसारखे करडे. मग मी कंपनीतून स्क्रॅपचे बोर्ड रीतसर गेटपास करून घरी आणले (सिक्युरिटीवाल्या काकांनी भंगार घरी नेणारी बाई पहिल्यांदाच बघितली असणार) आणि क्लास चालू असताना हातात भिंग धरून तेच तेच बघत बसायचे. खरं शिकणं तिथे झालं असं माझं मत, स्लाइड वगैरे ठीक आहेत.

परीक्षेच्या दिवशी आधी आयडी दाखवा, मग लॅपटॉप उचलून पूर्ण खोली फिरवून दाखवा. कपाटाला आरसा होता तर प्रॉक्टर मॅडम (कॅमेऱ्यातून परीक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या) म्हणाल्या, "मॅडम, वो मिरर ढक दीजिए," मग त्याच्यावर चादर लावली, टेबलाखाली कॅमेरा नेला, मोबाईल बंद करून खोलीच्या बाहेर. दारावरची बेल आधीच बंद करून ठेवली होती आणि राउटर इन्व्हर्टरवर टाकला होता, हे दोन्ही ज्यांना द्यायचीये त्यांनी नक्की करा कारण मध्येच लाईट गेलीच, पण मला फक्त पंखा बंद पडल्यावर कळलं.

पुस्तक उघडून द्यायचा भाग असतो तो सोपा वाटतो, पण तसा नाहीये. पुस्तक एवढं जाड आहे की शोधण्यातच वेळ जातो, म्हणून चॅप्टर तोंडपाठ पाहिजेत, ७ थ्रू-होल, ८ एसएमटी, ९ कंपोनंट डॅमेज, १० बोर्ड. आणि प्रश्न वाचताना आधी क्लास बघायचा, क्लास म्हणजे बोर्ड किती महत्त्वाच्या कामाचा त्याप्रमाणे कडकपणाचे तीन दर्जे, ३ सगळ्यात कडक. चिप पॅडवरून (बोर्डवरची तांब्याची जागा, जिथे सोल्डर होतं) बाजूला सरकलीये, चालेल का? क्लास २ ला निम्म्यापर्यंत चालतं, क्लास ३ ला पावच, तेही चिपची रुंदी आणि पॅडची रुंदी यात जी कमी तिच्या. फोटो तोच असतो आणि उत्तर क्लासवर फिरतं. पासिंग ७० टक्के आहे, माझं आरामात झालं.

पण मला सांगायचंय ते नंतरचं. मला वाटलं होतं सर्टिफिकेट आलं की आपण जास्त बोर्ड रिजेक्ट करायला लागू, झालं नेमकं उलटं. आमच्याकडे टच-अपला (हाताने सोल्डर दुरुस्त करायला) ज्या ताई बसतात त्यांचा हात टिन-लेड सोल्डरवर तयार झालेला, १८३ डिग्रीला वितळणारं ६३ टक्के टिन, ३७ टक्के लेड, जॉइंट कसा आरशासारखा चमकायचा. आता लेड-फ्री, सॅक ३०५ (टिन, चांदी, तांब्याचं), ते २१७ च्या आसपास वितळायला लागतं आणि गार झाल्यावर मुळातच जरा मळकट, दाणेदार दिसतं. ताईंच्या नजरेत तो कोल्ड जॉइंट, म्हणजे नीट न वितळलेला, मग परत इस्त्री (सोल्डरिंगची), परत फ्लक्स (सोल्डर नीट पसरायला लावतात ते). थ्रू-होलचंही तेच, क्लास ३ ला सुद्धा होलमध्ये सोल्डर ७५ टक्के चढलं की पुरे, आम्ही मात्र १०० करायच्या नादात बरे पॅड उचकटायचो. ताईंना मी पुस्तक उघडून पान दाखवलं तेव्हा म्हणाल्या, "मग एवढी वर्षं आम्हाला का करायला लावलं?" आता याला काय उत्तर देणार, मी म्हटलं ताई आता नका करू.

मायक्रोस्कोपचं तर वेगळंच. किती झूमवर बघायचं ते पॅडच्या रुंदीप्रमाणे ठरलेलं आहे, अर्धा ते एक मिलिमीटर असेल तर ३ ते ७.५ पट, आणि त्याच्या वरचं झूम फक्त आधीच रिजेक्ट धरलेला जॉइंट खात्री करून घ्यायला. कस्टमरचा इन्स्पेक्टर यायचा तो ४० पटीवरच सुरुवात करायचा, मग चंद्रावरच्या खड्ड्यांसारखे डाग दिसणारच ना. मी ते टेबल त्याच्यासमोर ठेवलं. तो नाराज झाला, पण लॉट पास झाला.

आणि प्रोसेस इंडिकेटर म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे डिफेक्ट नाही, बोर्ड जसाच्या तसा जातो, पण तसं वारंवार दिसायला लागलं तर प्रोसेसमध्ये काहीतरी बिघडतंय समजायचं. हे प्रॉडक्शनवाल्यांच्या गळी उतरवायला मला जास्त त्रास झाला, कारण आमच्याकडे दिसलं की इस्त्री हीच पद्धत. आता त्याची नोंद ठेवतो आणि आधी स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट छापायचा भोकांचा पत्रा) नाहीतर फीडर (मशीनला पार्ट पुरवणारा) बघतो. टेक्नॉलॉजी लीडरशिप म्हणून मोठ्या सेमिनारला नवीन मशीनच दाखवतात, आमच्या लाईनला मात्र फरक पडला तो न करायच्या कामांनी.

पुढे जे-एसटीडी-००१ (सोल्डरिंग कसं करायचं त्याचं स्टँडर्ड) करायचा विचार आहे, पण त्यात हाताने सोल्डरिंग करून दाखवावं लागतं त्यामुळे ते पूर्ण घरून काही जमणार नाही, मुलीची परीक्षा झाल्यावर बघू. सध्या डोकं खातंय ते वेगळंच, जुन्या ड्रॉइंगवर क्लासच लिहिलेला नाहीये. क्लास ठरवायचा असतो कस्टमरने, म्हणून सगळ्यांना मेल टाकले, काहींनी लगेच कळवलं, काहींचं म्हणणं "तुम्हीच काय ते बघा". अशांना क्लास २ धरतोय असं मेलवर लिहून ठेवते आणि मगच लॉट सोडते.