दहा किलोमीटरच्या वर्तुळाबाहेर

औष्णिक वीज केंद्रांच्या धुराचे निकष पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीर केले, तेव्हा मुदत दोन वर्षांची होती. ती वाढत वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतांश केंद्रांना सल्फर डायऑक्साइड रोखणारी यंत्रणा बसवण्यातूनच सूट मिळाली. दिल्लीच्या राजधानी क्षेत्रापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांना ती सक्तीचीच राहिली. आमचे इंदूर त्या मापात बसते. पण मध्य प्रदेशच्या निमाड भागातील केंद्रे, म्हणजे खंडवा जिल्ह्यातील २५२० मेगावॅटचे सिंगाजी आणि खरगोन जिल्ह्यातील १३२० मेगावॅटचे सेल्दा, आमच्या वर्तुळाच्या पार बाहेर आहेत. हा वायू मात्र हवेत सूक्ष्म सल्फेट कणांचे रूप घेतो आणि ते कण शेकडो किलोमीटर जातात.

नियम कडक केले तर वीज महागेल, संच बंद पडतील आणि स्थानिकांचा रोजगार बुडेल, हा युक्तिवाद घरच्या बैठकीतही ऐकू येतो. वीज काहीशी महागेल, हे मान्य. पुढचे मला पटत नाही. बैतूल जिल्ह्यातील सारणीच्या वीज केंद्राचे जुने संच बंद झाले ते वय झाल्यामुळे, धुराच्या नियमांमुळे नव्हे.

उलट राखेचे पाहा. २०२१ च्या अधिसूचनेने सर्व राख उपयोगात आणण्याची जबाबदारी केंद्रांवर टाकली, त्यामुळे सिमेंट कारखाने, विटांचे उद्योग आणि रस्त्यांचे भराव यांच्यासाठी राखड वाहणाऱ्या बल्करना (बंद टाकीच्या ट्रकना) बारमाही काम आहे. टाकीच्या झाकणावरची राखड फडक्याने झटकताना चालक तोंडाला गमछा गुंडाळतो. मास्क म्हणावे असे त्याच्याकडे तेवढेच असते. सल्फरच्या यंत्रणेलाही चुनखडी लागते, तिच्यातून निघणारा जिप्सम सिमेंटवाले घेतात आणि पंप, पाइप व गाळण्या सांभाळायला माणसे लागतात. ही कामे हजारोंनी निघणार नाहीत, आणि निघतील तीही बहुधा ठेकेदारामार्फतच (आपल्याकडे ‘स्थानिक रोजगार’ म्हणजे बहुतेकदा हेच). म्हणूनच सवलत देताना निदान दोन अटी घालता आल्या असत्या: ठेक्यावरील कामगारांची दरवर्षी फुप्फुसांची तपासणी, आणि देखभालीच्या कामांत मूंदी, सनावद, बडवाह येथील आयटीआय झालेल्या मुलांना प्राधान्य.