आमची वाटचाल : आधी कर्मचाऱ्यांची कंबर

वृद्ध आणि परावलंबी माणसांसाठी आम्ही निवासी केंद्र चालवतो. चौकशीला येणारे नातेवाईक जेवण, औषधं, डॉक्टर याबद्दल विचारतात, आणि ते रास्तच आहे. पण त्यांच्या आईला रोज पलंगावरून खुर्चीत बसवणाऱ्या सेविकेची कंबर शाबूत राहिली नाही, तर बाकीचं सगळं कोलमडतं. म्हणून केंद्र वाढत गेलं तसा आम्ही पहिला पैसा या कामावर घातला.

माणूस उचलणं हे पोतं उचलण्यासारखं नसतं. तो मध्येच गळ्याला मिठी मारतो, त्याचे गुडघे अचानक सोडून देतात, आणि मध्ये पलंग असल्याने त्याला अंगाजवळ घेताच येत नाही. ‘गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा’ हे शिकवून भागत नाही ते यामुळेच. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या व्यावसायिक सुरक्षा संशोधन संस्थेशी जोडलेली, 2007 मध्ये मांडलेली एक मर्यादा आहे: परिस्थिती अगदी अनुकूल असली तरी रुग्णाला हलवताना एका कर्मचाऱ्यावर सुमारे 16 किलोपेक्षा जास्त भार येऊ नये. एखाद्या धिप्पाड आजोबांचा नुसता एक पायही त्याच्या जवळपास जातो. म्हणजे प्रश्न नीट उचलण्याचा नव्हता, हातांनी उचलणंच थांबवण्याचा होता.

सुरुवात स्लाइड शीटपासून झाली. ही गुळगुळीत चादर अंगाखाली सरकवली की कूस बदलणं, वर सरकवणं यातली ओढाताण बरीच कमी होते. मग उंची कमी-जास्त होणारे पलंग आले आणि त्यानंतर होइस्ट, म्हणजे माणसाला झोळीत घेऊन उचलणारं यंत्र. होइस्टला विरोध झाला तो अनुभवी सेविकांकडून. ‘हाताने दोन मिनिटांत होतं, यंत्राला दहा लागतात,’ असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंही होतं. त्यामुळे आम्ही सकाळच्या पाळीचं वेळापत्रकच सैल केलं. सगळ्यांच्या आंघोळी नाश्त्याआधी उरकल्याच पाहिजेत, हा हट्ट सोडला. घाई गेल्यावर यंत्र वापरात आलं. आमच्याकडे होइस्टला दोघं लागतातच: एक यंत्र चालवतो, दुसरा रहिवाशाचा हात धरून पुढे काय होणार ते सांगत राहतो. स्लिंगची, म्हणजे त्या झोळीची, शिवण रोज तपासली जाते.

पडणाऱ्या माणसाला झेलायचं नाही, हे शिकवणं मला सगळ्यात कठीण गेलं. मन मानत नाही. पण झेलायला गेलं की दोघंही जखमी होतात. जवळ असाल तर आधार देत जमिनीवर टेकवायचं, दुखापत पाहायची आणि मगच होइस्टने उठवायचं.

रहिवाशांकडून कर्मचाऱ्यांना होणारी मारहाण हा ‘कामाचा भागच’ असं समजणं मला मान्य नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला आंघोळीच्या वेळी कोणी अनोळखी माणूस कपडे काढतोय असं वाटतं, आणि ती बोचकारते, चावते. समोरून जाणं, नाव घेऊन बोलणं, नको म्हटलं तर थांबून थोड्या वेळाने परत येणं, यातून पुष्कळ प्रसंग टळतात. तरी घडलं, तर त्याआधी काय झालं होतं तेही नोंदवहीत येतं.

सुईचा नियम छोटा आहे: टोपण परत लावायचं नाही, सुई थेट जाड डब्यात टाकायची. टोचलीच तर जखम न दाबता साबण-पाण्याने धुऊन लगेच कळवायचं, कारण एचआयव्ही प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस बी ची लस प्रत्येक कर्मचाऱ्याला केंद्राच्या खर्चाने मिळते.

रात्रपाळी अजून अवघड आहे. माणसं कमी आणि होइस्टला दोघं हवीत, त्यामुळे एका खोलीत काम चालू असताना दुसरीकडची घंटा वाजत राहते. यापुढची भरती आम्ही रात्रीसाठीच करतो आहोत.