दुष्काळात डोंगर वर येतो, हे बाबांना फोनवर समजावताना

कॅलिफोर्नियात येऊन दोन वर्षं झाली तरी "तू तिथं नेमका करतो काय" हा घरचा प्रश्न सुटला नव्हता, परवा फोनवर सविस्तर सांगायला गेलो आणि बाबांशी वादच झाला.

काम तसं साधं आहे. सिएरा नेवाडाच्या डोंगरात जीपीएस स्टेशनं आहेत, खडकात पक्के रोवलेले स्टीलचे पाइप, वर उलट्या पातेल्यासारखा पांढरा डोम, त्यात अँटेना, बाजूला सोलर पॅनल आणि बॅटरीचा डबा. मागच्या आठवड्यात एकाचा डेटा बंद पडला म्हणून दोन तास चढून गेलो तर डब्यात उंदराचं बिऱ्हाड आणि वायर कुरतडलेली, आमच्या नागपूरच्या इन्व्हर्टरसारखीच.

तर हा डोम २०,२०० किलोमीटर वरून फिरणाऱ्या सॅटेलाइटचे सिग्नल पकडतो, आणि दिवसभराचा डेटा एकत्र केला, हवेतल्या वाफेचा वगैरे घोळ वजा केला की खडकाची उंची काही मिलिमीटरपर्यंत कळते (मोबाइलवाला जीपीएस वेगळा, तो सीताबर्डीत उभं असताना धंतोलीत दाखवतो). हिवाळ्यात बर्फाच्या वजनानं डोंगर दबतो, बर्फ वितळून पाणी निघून गेलं की उन्हाळ्यात जवळपास सेंटीमीटरभर वर येतो. आजी बाजेवरून उठली की नवार वर येते ना, तसंच. ब्राझीलच्या मानाउसला तर निग्रो नदी वर्षात दहाएक मीटर चढते-उतरते आणि जमीन ५ ते ७.५ सेंटीमीटर खालीवर होते.

इथल्या दुष्काळात २०१४ पर्यंत काही डोंगर १५ मिलिमीटर वर आले होते, त्यावरून हिशोब निघाला की अमेरिकेच्या पश्चिम भागात २४० गिगाटन पाणी कमी पडलंय. एक गिगाटन म्हणजे अब्ज टन, साधारण आमच्याकडचं एक भरलेलं तोतलाडोह धरण. म्हणजे २४० तोतलाडोह गायब, आणि ते कळलं कशावरून तर डोंगर उंच झाला म्हणून!

इथं बाबा अडले. "बोअर मारू मारू जमीन खचते म्हणतात, अन् तू म्हणतो वर येते. काहून बा?"

प्रश्न बरोबर होता. दोन्ही खरं आहे. इथल्या सेंट्रल व्हॅलीत खाली चिकणमातीचे थर आहेत, पाणी उपसलं की ते पिचतात आणि पुन्हा फुगत नाहीत. तिथल्याच मेंडोटा गावाजवळचा १९७७ चा फोटो आहे, खांबाशी माणूस उभा आणि १९२५ साली जमीन कुठवर होती ते दाखवणारी पाटी त्याच्या पायाखालच्या जमिनीपासून नऊएक मीटर उंच. म्हणून वजनाच्या हिशोबात अशी स्टेशनं बाजूलाच काढतात, खडकावरची तेवढी धरतात. आपल्या काटोलकडे मात्र काळा पाषाण, भेगांतलं पाणी संपलं तरी दगड काही तसा पिचत नाही.

"मंग पावसाळ्यात आपलं नागपूर खाली जाते?"

जातं की, पण मिलिमीटरात.

बाबा एकदम गप्प. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा पाणी आमच्या हॉलमध्ये शिरलं होतं, ते कुठवर आलं याची बाबांनी भिंतीवर पेनानं रेघ मारून ठेवलीय, येईल त्याला दाखवतात, आईला रंग लावू देत नाहीत.

"मंग माही रेघ चुकली का?"

म्हटलं नाही, रेघ घरासोबतच खाली जाते, जमिनीपासून तेवढीच राहते.

"हां, मंग ठीक आहे," म्हणाले आणि फोन आईकडे दिला.