कोन्चिकिचिनची रात्र

१६ जुलै, रात्रीचे साडेअकरा

आत्ताच घरी आले, पाय नुसते भरून आलेत, युकाता (उन्हाळ्यातला सुती किमोनो) घामाने चिंब झालाय, तरी झोपायच्या आधी लिहून ठेवतेच. आज योइयामा, गिओन मात्सुरी या उत्सवातल्या मिरवणुकीच्या आदल्या दिवसाची रात्र. क्योटोत राहायला आल्यापासून मला १७ तारखेच्या मिरवणुकीपेक्षा हीच रात्र जास्त आवडते, कारण उद्या ते रथ लांबून बघायचे आणि आज मात्र ते गल्लीत उभे असतात, अगदी हाताच्या अंतरावर.

सहाला शिजोचा रस्ता गाड्यांना बंद झाला. कारासुमा स्टेशनच्या जिन्यावरून वर आले तर समोर माणसंच माणसं, त्यांच्या डोक्यांवर कंदिलांची पेटलेली उतरंड, आणि वरून ते कोन्चिकिचिन कोन्चिकिचिन, म्हणजे झांजेसारखी घंटा, बासरी आणि ढोल, इतकं संथ की आपोआप पाऊल हळू पडतं. होको म्हणजे हे मोठे रथ, खिळा न मारता नुसत्या दोरखंडाने बांधलेले, १० तारखेपासून रोज जाता येता बांधकाम बघत होते. गाठी इतक्या सुबक की मागे रांग खोळंबली तरी मी हलेना.

त्यातल्याच त्सुकिहोको या रथाकडे १७व्या शतकातला हिंदुस्थानी गालिचा आहे. आणि गिओन हे नावच मुळात श्रावस्तीच्या जेतवनावरून, म्हणजे बुद्धाच्या विहारावरून आलंय. हे आठवलं ना की घरापासून इतकं लांब आहोत असं वाटतच नाही, खरंच.

मग आतल्या गल्ल्यांत शिरले, तिथे गर्दी जरा कमी. युकाता घातलेल्या छोट्या मुली ओळीत बसून "मेणबत्ती वाहा" असं गाण्यात म्हणत होत्या, एकीचा सूर सारखा वर जात होता आणि शेजारची तिला कोपराने ढोसत होती. एक मेणबत्ती लावली, एक चिमाकी घेतली. बांबूच्या पानांची जुडी असते, खायची नाही, रोगराई बाहेर राहावी म्हणून वर्षभर दारावर टांगायची. ८६९ साली साथ आली तेव्हापासूनचा हा उत्सव. गणपतीच्या आदल्या रात्री मखर पुरं करताना घरात जी जाग असते ना, तसंच वाटत होतं सगळीकडे.

उद्या मिरवणूक परतली की रथ लगेच सोडवायला घेतात, फिरताना ओढून घेतलेली पीडा परत पसरू नये म्हणून. त्या सगळ्या गाठी.

जुनी चिमाकी उतरवली, वाळून पिवळी पडलीये. नवीचा हिरवा वास अजून हाताला आहे.