कोथरूड ते जेजुरी: ईव्ही स्कूटरवर, आईला मागे बसवून

रोजचं कोथरूड-हडपसर जाऊन-येऊन तीसेक किमी, एक दिवसाआड रात्री चार्जिंग, त्यात दोन वर्षं काही अडलं नाही. पण आई म्हणाली जेजुरीला ने, तेव्हा पहिल्यांदा हिशोब करायला बसलो कारण घरापासून साधारण 55 किमी, मधे दिवे घाट, बॅटरी 3 किलोवॅट-अवरची आणि डबलसीट.

सकाळी सहाला 100% वर निघालो. फुरसुंगी सोडून मस्तानी तलावाच्या अलीकडे घाट सुरू होतो तिथे 73 होते, वर पोचलो तर 63! चार-पाच किमीत दहा टक्के. आई मागून म्हणतेय, "अरे बंद पडली तर ढकलायची कोणी?" पण घाबरू नका, चढ संपला की आकडे परत रोजच्यासारखे पडतात. जेजुरीत 41 उरले.

आता खरी गोष्ट. अ‍ॅपवर दाखवलेलं चार्जिंग स्टेशन बंद निघालं, म्हणून जिथे चहा घेतला त्या हॉटेलवाल्या काकांना विचारलं, त्यांनी लगेच एक्स्टेन्शन बोर्ड दिला. दहा मिनिटांनी वायरला हात लावला तर चांगलीच गरम लागली, लगेच काढलं. मग त्यांनीच फ्रीजशेजारचा 15 अँपियरचा, म्हणजे जास्त लोड झेलणारा पॉइंट दिला. तेवढ्यात आम्ही पायऱ्या चढून दर्शन घेतलं, भंडारा उधळला, जेवलो, अडीच तासांत 90 वर. काका पैसे घेईनात, बळंच पन्नास ठेवले.

येताना घाट उतरताना एकही टक्का कमी झाला नाही, एक तर उतार आणि वर रीजन, म्हणजे वेग कमी करताना मोटरच बॅटरी थोडी परत चार्ज करते. घरी 39 वर.

जाणाऱ्यांनी स्पीड 45 च्या आसपास ठेवा, रेंज सगळ्यात जास्त स्पीडच खातो, सासवडनंतर मोकळ्या रस्त्यावर मी थोडा वेळ 65 ने मारली तर टक्के भराभर उतरले. चार्जर सोबत न्याच आणि 15 अँपियरचाच पॉइंट मागा, साध्या एक्स्टेन्शनवर अजिबात लावू नका. आणि परतीपुरतं चार्ज कुठे करायचं ते निघायच्या आधी फोन करून पक्कं करा, अ‍ॅपवर विसंबू नका. सगळी मिळून चार युनिटच्या आसपास वीज लागली, जुन्या पेट्रोल स्कूटरला याच फेरीत अडीच लिटर लागायचं.

आई आता मोरगावचं विचारतेय. ते जेजुरीच्या पुढे सतरा-अठरा किमी, म्हणजे तिथे चार तास तरी थांबावं लागेल, मोरगावात 15 अँपियरचा पॉइंट देणारं कोणी माहीत असेल तर सांगा.